तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघा: ब्रिटिश कोलंबियात येताना पोटात बाळ असेल तर

२०२४ साली सर्वपित्री अमावास्या २ ऑक्टोबरला होती. हे मला अजून पाठ आहे, कारण त्या एका अमावास्येपायी आमचा अख्खा एक महिना विम्याशिवाय गेला. पीआरचे (कॅनडात कायम राहण्याच्या परवानगीचे) कागद हातात आले होते, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याची तिकिटं स्वस्त मिळत होती, आणि सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी बाई पितृपक्षात घराबाहेर पडत नाही. घटस्थापनेला निघा." आम्हीही म्हटलं, चार दिवसांनी काय बिघडतंय? घट बसले, आम्ही मुंबईहून विमानात बसलो, आणि ४ ऑक्टोबरला कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या व्हॅंकुव्हरला उतरलो. मला बावीस आठवडे झाले होते.

उतरल्यावर कळलं की ३० सप्टेंबरपर्यंत आलो असतो तर सरकारी आरोग्य विमा १ डिसेंबरला सुरू झाला असता. आता तो १ जानेवारीला सुरू होणार होता. आणि जे व्हायचं ते नेमकं डिसेंबरातच झालं. ते पुढे सांगते.

हा लेख सासूबाईंवर राग काढायला लिहिलेला नाही. त्यांना नियम माहीत नव्हता, आम्हालाही नव्हता. ज्यांच्या हातात पीआर किंवा वर्क परमिट आहे, पोटात बाळ आहे आणि ब्रिटिश कोलंबियात यायचं आहे, त्यांनी आमच्यासारखं अडकू नये म्हणून क्रमाने लिहिते.

१. आधी तारीख मोजा

ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी आरोग्य विम्याचं नाव मेडिकल सर्व्हिसेस प्लॅन, म्हणजे एमएसपी. (माझ्या बाबांना फोनवर "एमएसपी अजून मिळाली नाही" असं सांगितलं, तर ते म्हणाले, "आम्हाला कांद्याची कधी मिळाली?" त्यांच्यासाठी एमएसपी म्हणजे हमीभाव.) यात डॉक्टरची फी, हॉस्पिटल, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, बाळंतपण, मिडवाइफ हे सगळं येतं. १ जानेवारी २०२० पासून त्याला हप्ताही नाही. पीआर असलेले, आणि सहा महिने किंवा त्याहून जास्त मुदतीचं वर्क परमिट किंवा स्टडी परमिट असलेले, यांना तो मिळतो. शिकायला आलेल्यांना मात्र दरमहा वेगळं आरोग्य शुल्क भरावं लागतं.

पण तो आल्या दिवसापासून मिळत नाही. नियम असा: ज्या महिन्यात तुम्ही राहायला आलात त्या महिन्याचे उरलेले दिवस, आणि त्यापुढचे दोन पूर्ण महिने. त्यानंतरच्या एक तारखेला कव्हर सुरू.

आता गणित करून बघा. ३१ मार्चला उतरलात, तर मार्चचा उरलेला एक दिवस, एप्रिल आणि मे. १ जूनला कव्हर सुरू, म्हणजे थांबायचे साधारण दोन महिने. १ एप्रिलला उतरलात, तर अख्खा एप्रिल, मे आणि जून. कव्हर १ जुलैला, म्हणजे पूर्ण तीन महिने. एका रात्रीचा फरक आणि एक महिना हातचा गेला. म्हणून तिकीट नेहमी महिन्याच्या अखेरचं काढा. पण अगदी शेवटच्या दिवसाचं नको. विमान चुकलं, फ्रॅंकफर्टला किंवा दिल्लीला अडकलात, की तारीख उलटलीच. महिना संपायला तीन-चार दिवस शिल्लक असताना उतरायचं.

मग त्या तारखेला तुम्हाला कितवा आठवडा असेल ते मोजा. माझी प्रसूतीची तारीख ७ फेब्रुवारी होती आणि कव्हर १ जानेवारीला, म्हणजे जवळजवळ पस्तिसाव्या आठवड्यात. बाळ वेळेवर आलं तर निभावणार होतं, लवकर आलं असतं तर नाही. तुमचं कव्हर छत्तिसाव्या आठवड्याच्याही नंतर सुरू होत असेल, तर पुढचं वाचण्याआधी थेट तिसरा मुद्दा वाचा.

गरोदर आहे म्हणून ही मुदत कमी होत नाही. मी फोनवर विचारलं, विनवलं, रडलेसुद्धा. पलीकडची बाई अतिशय गोड बोलली आणि नाही म्हणाली. शिवाय ह्या मुदतीत एकूण तीस दिवसांपेक्षा जास्त प्रांताबाहेर राहिलात तर मुदत लांबू शकते. त्यामुळे "महिनाभर टोरॉंटोला ताईकडे जाऊन येते" हा बेत आखू नका.

२. कॅनडा म्हणजे एकच नियम नव्हे

इथे बहुतेकांची गल्लत होते. कॅनडात आरोग्य विमा प्रांत देतो. १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टप्रमाणे कुठलाही प्रांत तीन महिन्यांपेक्षा जास्त थांबवू शकत नाही. त्या मर्यादेत किती थांबवायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

ऑंटारियोने आपली तीन महिन्यांची अट मार्च २०२० मध्ये काढून टाकली. म्हणून ब्रॅम्प्टनचा मित्र छातीठोकपणे सांगतो, "काही वेटिंग नसतं रे, लगेच कार्ड मिळतं." तो खरं बोलतोय, पण त्याच्या प्रांताबद्दल. अल्बर्टात परदेशातून थेट येणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत अर्ज केला तर आल्या दिवसापासून कव्हर मिळतं. क्वेबेकमध्ये थांबावं लागतं, आणि तिथली मुदत नोंदणी केल्यापासून मोजतात, म्हणून तिथे अर्जाला एक दिवसही उशीर करू नये. पण क्वेबेकने एक शहाणपणा केलाय: गरोदरपण आणि बाळंतपणाचा खर्च थांबण्याच्या काळातही सरकार देतं.

सगळ्यात गोंधळ घालतात ते अमेरिकेतले नातेवाईक. माझी न्यू जर्सीची मामेबहीण म्हणाली, "प्रेग्नन्सीला कोणी प्री-एक्झिस्टिंग म्हणूच शकत नाही, कायदा आहे." आहे, पण अमेरिकेत. कॅनडातल्या नवागतांसाठीच्या खासगी पॉलिसीला तो लागू नाही.

मग नोकरी ठरलेली नसेल तर प्रांतच बदलावा का? खरोखर तिथे राहणार असाल तर जरूर विचार करा. नुसता अल्बर्टातल्या कॅल्गरीचा पत्ता दाखवून इथे ब्रिटिश कोलंबियातल्या सरेला राहायचं, असला जुगाड कोणी सुचवला तर कान बंद करा. तो पकडला गेला तर सगळे पैसे परत मागतात, आणि नव्या देशात पहिल्याच वर्षी खोटेपणाचा शिक्का कुणाला हवाय?

आधीपासूनच कॅनडात आहात आणि गरोदरपणात ऑंटारियोहून इकडे येताय, तर घाबरू नका. थांबण्याच्या काळात जुना प्रांत खर्च उचलतो. जुनं कार्ड जपून ठेवा. क्वेबेकहून येणाऱ्यांना मात्र डॉक्टरची फी आधी स्वतः भरून मग परत मागावी लागते, कारण डॉक्टरांच्या बिलांच्या आंतरप्रांतीय करारात क्वेबेक नाही.

३. आत्ता यायचं, की बाळंत होऊन?

याचं एकच उत्तर नाही, पण तीन गोष्टी आधी माहीत असू द्या.

पहिली, विमान. लांबच्या प्रवासाला बहुतेक कंपन्या अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरचं पत्र मागतात, आणि छत्तिसाव्यानंतर सहसा घेत नाहीत. जी कंपनी असेल तिचा नियम तिकिटाआधी वाचा. परतीचा विचार करत असाल तर तोही मोजा.

दुसरी, नवरा आधी आणि तुम्ही मागून, हा बेत. पीआरच्या अर्जात जो मुख्य अर्जदार आहे, त्याने आधी किंवा बरोबर यावं लागतं. मुख्य अर्जदार तुम्हीच असाल, तर नवऱ्याला पुढे पाठवता येत नाही. आणि नवरा आधी आला म्हणून तुमची मुदत संपत नाही. ती तुम्ही स्वतः आल्यापासून मोजतात.

तिसरी, आणि ही अधोरेखित करून ठेवा. पीआरचे कागद आले, पण तुम्ही कॅनडात उतरण्याआधीच भारतात बाळ झालं, तर बाळाची माहिती इमिग्रेशन खात्याला उतरण्याआधी कळवलीच पाहिजे. बाळाचा अर्ज, वैद्यकीय तपासणी, सगळं होईपर्यंत तुमचं जाणं लांबतं. म्हणून काही जण गुपचूप येऊन उतरतात आणि म्हणतात, नंतर बोलावून घेऊ. हे करू नका. ज्या मुलाची माहिती लपवली गेली, त्याला पुढे कुटुंब म्हणून स्पॉन्सर करण्यावर नियमानेच बंदी येऊ शकते. थोडा वेळ वाचवण्यासाठी पोटच्या पोराला दाराबाहेर ठेवल्यासारखं आहे ते.

माझं मत विचाराल तर: पंचविसाव्या आठवड्याच्या आत उतरता येत असेल आणि आजवरचं गरोदरपण सुरळीत असेल, तर या. जुळं असेल, बीपी असेल, आधी बाळ लवकर झालेलं असेल, तर माहेरी बाळंत व्हा आणि बाळाच्या कागदांना लागतील तेवढे महिने द्या. तुमच्या डॉक्टरचं मत अर्थातच माझ्या मताच्या वर.

४. निघताना बरोबर घ्यायची फाईल

इथल्या डॉक्टरला तुमचं गरोदरपण कागदावरूनच कळणार आहे. कागद नसेल तर तपासणी परत, आणि थांबण्याच्या काळात परत म्हणजे परत पैसे. माझ्या नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी निघण्याआधी एका पानावर सगळा सारांश लिहून दिला. त्या एका पानाने माझे किती डॉलर वाचवले असतील, सांगता येत नाही. तुम्हीही मागून घ्या.

- एएनसी (गरोदरपणातल्या तपासण्यांची) फाईल पूर्ण, आणि सारांशाचं पान: शेवटच्या पाळीची तारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख, वजन, बीपीच्या नोंदी
- रक्तगटाचा रिपोर्ट. निगेटिव्ह असाल तर हा पहिल्या पानावर लावा, कारण अठ्ठाविसाव्या आठवड्याचं अँटी-डी इंजेक्शन नेमकं थांबण्याच्या काळात येऊ शकतं
- एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), थायरॉइड, हिमोग्लोबिन
- सगळ्या सोनोग्राफी, विशेषतः अठरा ते बावीस आठवड्यांमधली ॲनोमली स्कॅन. ती तिथेच करून या
- डबल मार्कर किंवा दुसरी जी स्क्रीनिंग झाली असेल ती
- टीटी, टीडॅप, फ्लू अशा लशींच्या तारखा
- आधी सिझेरियन झालं असेल तर ऑपरेशनच्या नोंदी, नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही
- तीन महिन्यांच्या गोळ्या आणि चिठ्ठी, औषधाचं मूळ नाव लिहिलेली. नुसतं ब्रँडचं नाव इथे कोणाला कळत नाही
- पासपोर्ट, पीआरचं पुष्टिपत्र किंवा परमिट, लग्नाचं प्रमाणपत्र

सगळं स्कॅन करून फोनमध्येही ठेवा. आणि फाईल हातातल्या बॅगेत ठेवा. डिंकाचे लाडू चेक-इनमध्ये गेले तरी चालतात. खाण्याचं जे काही आणाल ते विमानतळावर जाहीर करा.

५. उतरल्यावरच्या पहिल्या आठवड्यात

एमएसपीचा अर्ज लगेच करा. "तीन महिन्यांनी मिळणार, मग तेव्हा करू" असं बरेच जण करतात, आणि मग कागदपत्रांच्या तपासणीत आणखी दिवस जातात. अर्ज ऑनलाइन होतो. पासपोर्ट, पीआरचं पुष्टिपत्र किंवा परमिट, आणि पत्ता लागतो. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरही न बदलता लिहा. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे आणि नवऱ्याच्या पासपोर्टवर आडनाव पहिलं. त्या घोळात दोन फोन गेले. पुढे पत्र येतं, मग फोटो असलेलं बीसी सर्व्हिसेस कार्ड करायला आयसीबीसी या गाड्यांच्या सरकारी विमा कंपनीच्या ड्रायव्हर लायसन्सच्या ऑफिसात जावं लागतं. हो, आरोग्याचं कार्ड लायसन्सच्या खिडकीवर. मीही दोनदा विचारून खात्री केली.

हेल्थ कनेक्ट रजिस्ट्री नावाची यादी आहे, तिच्यात फॅमिली डॉक्टरसाठी नाव घाला. लगेच मिळेल अशी आशा ठेवू नका. बाळंतपणासाठी फॅमिली डॉक्टरची वाट बघायचीही नाही. त्यासाठी मॅटर्निटी क्लिनिक किंवा मिडवाइफ.

मिडवाइफ म्हटल्यावर आई किंचाळली, "सुईण? एवढं विमानाने जाऊन सुईण?" तिला समजवायला अर्धा तास गेला. ब्रिटिश कोलंबियात मिडवाइफ १९९८ पासून नोंदणीकृत व्यावसायिक आहेत. विद्यापीठाची पदवी घेतात, हॉस्पिटलात बाळंतपण करतात, गरज पडली की ऑब्स्टेट्रिशियनला (प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरला) बोलावतात, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बघतात, सुरुवातीला घरी येऊनसुद्धा. पण त्यांच्या तारखा फार लवकर भरतात. मी उतरल्यावर शोधायला लागले आणि अकरा ठिकाणी नकार ऐकला. तुम्ही तिकीट काढलं त्याच दिवशी, भारतातूनच ईमेल करा: प्रसूतीची तारीख, उतरण्याची तारीख, कव्हर सुरू होण्याची तारीख. "कव्हर सुरू होईपर्यंत मी पैसे भरेन, दर कळवा" हे वाक्यही घाला. ते वाचून उत्तर लवकर येतं.

आणि एक फोन नंबर: ८-१-१. ही प्रांताची मोफत आरोग्य लाइन आहे. रात्री दोन वाजताही नर्स बोलते, दुभाष्याची सोय आहे. "हे दुखणं नेहमीचं की जाऊन दाखवू?" असल्या प्रश्नांना हा फोन सोन्यासारखा.

६. खासगी विमा: जे छापलंय ते वाचा, जे सांगतात ते नाही

थांबण्याच्या काळासाठी खासगी पॉलिसी घेतात. घ्यावीच: घसरून पाय मोडला, ॲपेंडिक्स झालं, तर उपयोगी पडते. पण ती बाळंतपणाचं कव्हर आहे असं धरून चालू नका.

भारतात आपल्याला मॅटर्निटीचा वेटिंग पीरियड माहीत असतो, काही वर्षं हप्ते भरा, मग मिळतं. इथल्या नवागत किंवा व्हिजिटर पॉलिसीत तोही प्रकार नसतो. बहुतेकांत नेहमीच्या तपासण्या आणि नॉर्मल बाळंतपण सरळ वगळलेलं असतं. काहींत गुंतागुंत झाली तर कव्हर असतं, पण ठरावीक आठवड्यापर्यंतच. त्या काळात जन्मलेलं बाळ तर बहुधा वगळलेलंच असतं, आणि खरा मोठा खर्च तिथेच आहे. वेळेआधी आलेल्या बाळाला एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ठेवावं लागलं तर त्याचं दिवसाचं भाडं आईच्या खाटेच्या कितीतरी वर.

एजंटला हे चार प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर ईमेलनेच घ्या:

- गरोदरपणातली गुंतागुंत कव्हर आहे का, कितव्या आठवड्यापर्यंत?
- वेळेआधी बाळ झालं तर बाळाचा खर्च कव्हर आहे का?
- पॉलिसी कॅनडात आल्यावर घेतली तर आजारपणासाठी किती दिवस थांबायचं?
- आधीपासूनच्या बीपी, थायरॉइड, शुगरचं काय?

आमच्या एजंटने फोनवर "सगळं कव्हर होतं ताई, टेन्शन घेऊ नका" असं मराठीतून सांगितलं होतं. मराठी ऐकून मी विरघळले. पॉलिसीच्या सतराव्या पानावर गरोदरपण वगळल्याचं इंग्रजीत लिहिलं होतं.

आणि गरोदर आहोत हे लपवू नका. अर्जात विचारलं असेल आणि खोटं लिहिलं, तर पॉलिसी अख्खी रद्द होऊ शकते, पाय मोडला तरी.

७. मधल्या महिन्यांच्या तपासण्या

पैसे वाचवायला तपासण्याच टाळायच्या, हा मोह होतो. मलाही झाला. करू नका. टाळता येण्यासारख्या थोड्याच असतात. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांमध्ये साखरेची तपासणी, रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते इंजेक्शन, आणि दर थोड्या आठवड्यांनी बीपी, लघवी, बाळाचे ठोके. ॲनोमली स्कॅन भारतात झाली असेल तर मोठा खर्च टळलाच.

प्रत्येक ठिकाणी आधी दर विचारा. माझ्या पहिल्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनवरच्या मुलीने कार्ड मागितलं, मी नाही म्हटलं, आणि तिने काही न बोलता काउंटरवरचा दरपत्रकाचा कागद माझ्याकडे फिरवला. कोपरे दुमडलेला, चिकटपट्टीने डकवलेला. म्हणजे माझ्यासारख्या रोज येत असणार. लाज वाटायचं कारण नाही, त्यांना सवय आहे. बिल लॅबचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, सोनोग्राफीचं वेगळं. सगळ्या पावत्या जपा.

(इथे सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारलं तर सांगतात. आपल्याकडे दारावरच्या पाट्या वाचून मोठ्या झालेल्या आम्हाला ते ऐकताना गुन्हा केल्यासारखं वाटलं. आम्ही विचारलं नाही.)

८. इमर्जन्सी आली तर

११ डिसेंबर. एकतिसावा आठवडा संपत आलेला. सकाळपासून बाळ हललं नव्हतं. गार पाणी प्यायले, डाव्या कुशीवर झोपले, गूळ खाल्ला. काही नाही. नवरा म्हणाला, "जाऊया." आणि मी, मला सांगायला शरम वाटते, मी त्याला म्हणाले, "अजून एक तास बघू, बिल येईल."

८-१-१ ला फोन केला. नर्सने माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "आत्ता निघा."

पोटाला पट्टे बांधले, मशीनमधून ठोके ऐकू आले. घोडा टापा टाकत धावतोय तसा आवाज. सहा तास ठेवलं, सोनोग्राफी झाली, सगळं ठीक. घरी आलो. बिल चार आकडी आलं, डॉलरमध्ये. मग पंधरा दिवसांनी दुसरं पाकीट आलं, डॉक्टरचं. कारण हॉस्पिटल आणि डॉक्टर इथे वेगवेगळं बिल करतात, आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून:

- बाळाची हालचाल कमी, रक्तस्राव, पाणी जाणं, डोकं भयंकर दुखणं: पैशांचा विचार न करता निघा. इमर्जन्सीत कार्ड नाही म्हणून परत पाठवत नाहीत.
- रिसेप्शनवर स्पष्ट सांगा, "मी एमएसपीच्या प्रतीक्षा काळात आहे, इथली रहिवासी आहे." पाहुण्यांचा दर लावला की रहिवाशाचा, ते विचारा. आम्हाला आधी पाहुण्यांच्या खात्यात टाकलं होतं, तीन फोन झाल्यावर दुरुस्त केलं.
- बिल तपशीलवार मागा. हप्ते पाडून मागा, मिळतात. उत्तर न देता ठेवून दिलंत तर ते वसुलीवाल्यांकडे जातं आणि नव्या देशातलं तुमचं कोवळं क्रेडिट बिघडतं.
- ॲम्ब्युलन्स मोफत नाही. एमएसपी असलेल्यांना ८० डॉलर पडतात, नसलेल्यांना त्याच्या दहापटीहून जास्त. खरंच गरज असेल तर बोलवाच, पण शेजाऱ्याची गाडी चालण्यासारखी असेल तर शेजाऱ्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा.
- एमएसपी सुरू झाल्यावर मागची बिलं ते देत नाहीत. "जानेवारीत क्लेम करू" असं मनात असेल तर काढून टाका.

बाळंतपणच थांबण्याच्या काळात येणार असेल, तर हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाकडून आधी लेखी दर घ्या. तीन आकडे वेगळे विचारा: आईच्या खाटेचे रोजचे, बाळाचे रोजचे, एनआयसीयूचे रोजचे. ऑब्स्टेट्रिशियन आणि भूल देणाऱ्या डॉक्टरची फी त्यात धरलेली नसते.

९. कव्हर सुरू झाल्यावर

१ जानेवारीला सुट्टी, २ तारखेला मी मॅटर्निटी क्लिनिकच्या दारात. हॉस्पिटलात नाव नोंदवून घ्या, तुमचा आरोग्य क्रमांक आधीच्या सगळ्या लॅबना कळवा, म्हणजे जुने रिपोर्ट एका जागी येतात. औषधांसाठी फेअर फार्माकेअरची नोंदणी वेगळी करावी लागते, एमएसपीत ती आपोआप होत नाही. नवऱ्याच्या कंपनीचा वाढीव विमा असेल तर त्यात बाळाचं नाव किती दिवसांत घालायचं तेही आत्ताच विचारून ठेवा.

गाडीतली बाळाची सीट आधी घ्या, मागे तोंड करून बसवायची. कायद्याने लागते. नॉर्मल बाळंतपण असेल तर इथे साधारण एका दिवसात घरी पाठवतात, त्यामुळे "नंतर बघू" याला वेळ नसतो.

१०. बाळ आल्यावर

जन्मनोंदणी तीस दिवसांच्या आत, ऑनलाइन. त्याच अर्जात जन्मदाखला, बाळाचा सोशल इन्शुरन्स नंबर आणि चाइल्ड बेनिफिटची (मुलासाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याची) सोय असते. बाळाच्या एमएसपीची नोंदणी झाली की नाही हे मात्र स्वतः फोन करून विचारा. तुम्ही अजून थांबण्याच्या काळात असाल तर बाळाचं कव्हर कधीपासून, हा प्रश्न बाळंतपणाआधीच विचारा आणि उत्तर देणाऱ्याचं नाव, तारीख लिहून ठेवा. चाइल्ड बेनिफिट पीआर असलेल्यांना लगेच लागू होतो. परमिटवर असाल तर अठरा महिने इथे राहिल्यानंतर. मॅटर्निटीच्या भत्त्याला मागच्या बावन्न आठवड्यांत सहाशे तास नोकरी लागते. पोटात बाळ घेऊन आलेलीला ते बहुधा जमत नाही, तेव्हा तो हिशेबात धरू नका.

आईला बोलावायचं तर सुपर व्हिसाला (आईवडिलांना लांब मुदतीसाठी बोलावण्याच्या व्हिसाला) एक लाख डॉलरचा, वर्षभराचा विमा लागतो, शिवाय बोलावणाऱ्याचं उत्पन्न दाखवावं लागतं. नुकत्याच आलेल्यांचं उत्पन्न तेवढं नसतं, म्हणून आम्ही साध्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज केला, उतरल्याच्या दुसऱ्या आठवड्यात. तो जानेवारीच्या अखेरीस मिळाला. आई बाळंतशोपा, अळीव आणि ओव्याची धुरी देण्याची शेगडी घेऊन आली. धूर-सूचकामुळे शेगडी अजून माळ्यावरच आहे.

बाळ जन्माने कॅनेडियन असतं. भारतात न्यायचं तर त्याचा पासपोर्ट काढून मग ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) किंवा व्हिसा लागतो, आणि दोन्हींना वेळ लागतो. उन्हाळ्यात बारशाला गावी जायचं असेल तर जन्मदाखला आल्याच दिवशी पासपोर्टला लागा. फोटोत डोळे उघडे हवेत आणि धरणाऱ्याचा हात दिसायला नको. आमच्या लेकीचे आठ फोटो नापास झाले. नववा पहाटे पाच वाजता, पांढऱ्या चादरीवर, खिडकीजवळ घेतला. तेव्हाच ती जागी असायची.